फवारा मारून झाला, झुरळं तिथेच

अमेरिकेत आर्कान्सा राज्यात वेस्ट मेम्फिस नावाचं गाव आहे. तिथे 'फॅमिली डॉलर' या स्वस्त वस्तूंच्या दुकानसाखळीचं भलंमोठं गोदाम होतं. सहा राज्यांतल्या शेकडो दुकानांना तिथून खाद्यपदार्थ, औषधं, सौंदर्यप्रसाधनं आणि कुत्र्या-मांजरांचं खाणं जायचं. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आत शिरले, तेव्हा जिवंत उंदीर होते, मेलेले होते, सडत पडलेलेही होते. लेंड्या, मूत आणि घरटी तर होतीच. गोदामात विषारी वायूची धुरी दिल्यावर अकराशेहून जास्त मेलेले उंदीर गोळा झाले. ४०४ दुकानं काही काळ बंद ठेवावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तिच्यावर ४ कोटी १६ लाख ७५ हजार डॉलरचा बोजा पडला. त्या वेळच्या दराने साधारण ३४५ कोटी रुपये. अन्नसुरक्षेच्या फौजदारी खटल्यात एवढी मोठी रक्कम तिथे त्याआधी कुणालाही भरावी लागली नव्हती.

दंडाचा आकडा डोळे फिरवणारा आहे खरा, पण या प्रकरणातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. २०२१ च्या मार्च अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या गोदामात २,३०० हून जास्त उंदीर गोळा केल्याचं कंपनीच्या स्वतःच्याच कागदपत्रांत नोंदलेलं होतं. उंदीर पकडले जात होते, मोजले जात होते, आकडा लिहिला जात होता, आणि माल ट्रकमध्ये चढत होता. आकडा बघून माल थांबवायला मात्र कुणी पुढे आलं नाही.

आपल्याकडच्या बहुतेक हॉटेलांत, बेकऱ्यांत, किराणा दुकानांत आणि छोट्या कारखान्यांत चित्र याच्याही एक पायरी मागे आहे. इथे आकडाच नसतो. वर्षाचं कंत्राट दिलेलं असतं. महिन्यातून एकदा पाठीवर पंप घेतलेला माणूस येतो, कोपऱ्याकोपऱ्यात फवारा मारतो, कागदावर सही घेतो आणि जातो. दोन दिवस वास राहतो. मालकाला वाटतं काम झालं. आठ दिवसांनी मसाल्याच्या डब्यामागून झुरळ निघालं की तो कंत्राटदाराला शिव्या घालतो आणि पुढच्या वर्षी दुसरा कंत्राटदार शोधतो. माझं म्हणणं असं की शिव्या अर्ध्याच योग्य आहेत. किडे-उंदीर कुठून येतात, काय खातात आणि कुठे राहतात, या तिन्ही गोष्टी मालकाच्या ताब्यात असतात. पंपवाल्याच्या ताब्यात फक्त पंप असतो.

उंदीर: विष घालण्याआधी शटर बघा

घरातल्या लहान उंदराला आत यायला जेमतेम ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे साधी पेन्सिल जाईल एवढी. आता आपल्या दुकानाचं शटर आठवा. खाली झिजलेली पट्टी, कडेला उखडलेली फरशी, मागच्या बाजूला पाइप बाहेर जाण्यासाठी फोडलेलं आणि नंतर न बुजवलेलं भोक, जाळी निघालेला चेंबर. रात्री दहाला शटर ओढून कुलूप लावलं तरी उंदराच्या दृष्टीने दुकान उघडंच असतं.

उंदराची मादी साधारण तीन आठवडे गाभण राहते आणि एका वेळी सहा-आठ किंवा त्याहून जास्त पिल्लं देते. पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीत नाहीत तोच आधीच्या मादीची पुढची वीण आलेली असते. म्हणून 'दिवसा एखादाच उंदीर दिसतो' हे ऐकून निश्चिंत होऊ नये. उंदीर रात्रीचा प्राणी आहे. तो दिवसाढवळ्या फिरताना दिसत असेल, तर बऱ्याचदा आतली गर्दी वाढलेली असते आणि दुबळ्यांना रात्री खायला मिळत नसतं.

मोठ्या जातीचे उंदीर संशयीही असतात. रोजच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की काही दिवस तिला टाळतात. झिंक फॉस्फाइडसारखं जालीम विष घातलं आणि एखाद्याने थोडंसंच खाऊन पोट बिघडवून घेतलं, तर तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्या चालतात त्या यामुळेच. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही, रक्त गोठणं बंद होऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, आणि वडीचा आणि मरणाचा संबंध त्याला लागत नाही. पण हीच वडी स्वयंपाकघरात किंवा माल भरायच्या जागी टाकली, तर उंदीर माळ्यावर किंवा खोट्या छतात जाऊन मरतो. मग आठवडाभर कुजका वास आणि पाठोपाठ माश्या. जाणते लोक आत सापळे लावतात आणि विषाच्या वड्या कुलूपबंद पेट्यांत घालून बाहेर, भिंतीच्या कडेने ठेवतात. उंदीर मोकळ्या जागेतून कमी आणि भिंतीला अंग घासत जास्त चालतो. भिंतीच्या खालच्या भागावर तेलकट काळसर पट्टा दिसला, तर तो त्याचा रोजचा रस्ता समजा.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, म्हणून तो भूक नसतानाही कुरतडतो, आणि वायरही त्याला लाकडाइतकीच चालते. मार्च २०१३ मध्ये जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात, आधीच्या दुर्घटनेनंतर कसाबसा उभा केलेला एक विजेचा बोर्ड बंद पडला आणि वापरलेलं इंधन थंड ठेवणाऱ्या टाक्यांची यंत्रणा एक दिवसाहून जास्त थांबली. बोर्डाजवळ जळालेला उंदीर सापडला. आपल्या कारखान्यातला पॅनेल बोर्ड, डीप फ्रिजची वायर, सर्व्हरची खोली यांना याहून वेगळा न्याय नाही. आगीच्या किंवा मालमत्तेच्या विम्यात उंदीर, किडे, वाळवी यांनी केलेलं नुकसान बऱ्याचदा वगळलेलं असतं. पॉलिसीच्या बारीक अक्षरांतला तो परिच्छेद आजच वाचून ठेवावा.

मुंबईला या विषयाची आठवण करून द्यावी लागू नये. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे रुग्ण ओळखले ते मांडवी भागात, गोदीलगतच्या धान्याच्या गोदामांच्या वस्तीत. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले, गिरण्यांना हात मिळेनात. युरोपातल्या देशांनी १८९७ मध्ये व्हेनिसला परिषद भरवून प्लेगच्या भागातून येणाऱ्या माणसांवर आणि मालावर निर्बंध ठरवले. त्याला शतक होत आलं असताना, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगची साथ आल्याची बातमी झाली आणि कापड-हिऱ्यांच्या सुरतेतून कामगारांचे लोंढे बाहेर पडले. परदेशी विमान कंपन्यांनी भारताची उड्डाणं थांबवली, काही देशांनी माल नाकारला. साथ आटोक्यात लवकर आली, धंद्याचं नुकसान मात्र खूप मोठं झालं. आजच्या दिवसांत प्लेग दूरची गोष्ट वाटते. लेप्टोस्पायरोसिस नाही वाटत. उंदराच्या मुतातून पाण्यात उतरणारा या रोगाचा जंतू पायाच्या जखमेतून शिरतो, आणि २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याचा फटका खाल्ला आहे. तुंबलेल्या गोदामात अनवाणी पोती उचलणारा हमाल सगळ्यात आधी धोक्यात असतो. पावसाळ्यात बाहेरची बिळं पाण्याने भरली की उंदीर कोरड्या जागी येतात, आणि आपलं गोदाम नेमकं कोरडं असतं.

झुरळ आणि स्प्रेचा गैरसमज

हॉटेलच्या स्वयंपाकघरात जे लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेलं झुरळ दिसतं, त्याला जर्मन झुरळ म्हणतात. १७६७ मध्ये प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने ते नाव दिलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र त्याचं मूळ भारत किंवा म्यानमारच्या परिसरात, सुमारे २,१०० वर्षांपूर्वी निघालं. म्हणजे जर्मन म्हणून ज्याच्या नावाने बोटं मोडतो, तो आपल्याच शेजारचा.

या झुरळाची मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला चिकटवून फिरते. डबीत ३०-४० अंडी असतात आणि पिल्लं बाहेर पडायच्या बेतात येईपर्यंत ती डबी टाकत नाही. फवाऱ्याचं औषध डबीच्या कवचातून आत फारसं पोहोचत नाही. आज फवारून मोठी झुरळं मारली, तरी काही दिवसांनी नवी पिल्लं फिरू लागतात, आणि मालक म्हणतो औषधात भेसळ होती. भर म्हणजे बऱ्याच स्प्रेंचा वास झुरळांना हुसकावतो. मरण्याऐवजी ती पसरतात: भट्टीमागून फ्रिजच्या मोटारीत, तिथून बिलिंगच्या मशीनमध्ये, शेजारच्या गाळ्यात.

म्हणून आता जेल वापरतात. बिजागरी, ड्रॉवरची आतली कड, फ्रिजच्या रबराच्या मागची जागा, असे थेंब थेंब ठेवायचे. झुरळ ते खाऊन आपल्या फटीत परततं, तिथे मरतं, आणि त्याची विष्ठा व मढं खाणारी दुसरी झुरळंही त्यातून मरतात. पण जेलच्या थेंबांवर कुणीतरी उत्साहाने स्प्रे मारला की जेल वाया. हा प्रकार फार घडतो. सकाळी कंत्राटदार जेल लावून जातो, रात्री वेटर काउंटरखालचा डबा काढून फुस्स करतो.

झुरळं शिकतात असं नाही, पण त्यांच्या पिढ्या बदलतात. गोड आमिषं सतत वापरलेल्या जागी ग्लुकोजची साखरच टाळणारी झुरळं टिकून वाढली, हे १९९३ मध्येच नोंदलं गेलं. एकच औषध वर्षानुवर्षं मारत राहणाऱ्या कंत्राटदाराला 'औषध बदलता का?' हे विचारायलाच हवं. आणि रात्री किचन बंद होताना मोरीत उष्टं आहे का, ग्राइंडरखाली पीठ साचलंय का, नळ गळतोय का, हेही. पाण्यावाचून हे झुरळ जास्त दिवस काढू शकत नाही. पीठ-पाणी-फट यातलं एक जरी कमी केलं, तर जेलला आपलं काम करता येतं.

धान्याचं गणित

आता ज्यांच्या धंद्यात माल महिनोन्महिने पडून राहतो, त्यांच्याकडे येऊ. आडतदार, दाल मिल, बेकरी, मसाले, निर्यातदार. इथे किडे दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

तूर, मूग, हरभरा यांना लागणारा भुंगेरा बऱ्याचदा गोदामात जन्मत नाही, शेतातून येतो. मादी शेतातच शेंगांवर अंडी घालते, अळी दाण्याच्या आत शिरते, आणि माल पोत्यात भरताना वरून काही दिसत नाही. उबदार हवेत पिढी साधारण महिन्याभरात पूर्ण होते. कागदावर हिशेब करा: एका मादीची ८० अंडी, त्यातल्या ४० माद्या. दुसऱ्या महिन्यात १,६००, तिसऱ्या महिन्यात ६४,०००. प्रत्यक्षात एवढी जगत नाहीत, पण हिशेब कुठल्या दिशेला जातो ते कळतं. दाण्यावर भोक दिसतं ते नव्या भुंगेऱ्याने बाहेर पडताना पाडलेलं असतं. तोवर आतला भाग खाऊन झालेला असतो आणि वजन घटलेलं असतं. भरडून केलेल्या डाळीत हा किडा फारसा वाढत नाही. डाळीला तेलाचा हात लावण्याच्या जुन्या सवयीमागेही व्यवहार आहे, तेलकट दाण्यावर अंडी कमी घातली जातात आणि घातलेली जगत नाहीत.

पिठात राहणारे तांबूस भुंगेरे वेगळी डोकेदुखी करतात. ते अंगातून क्विनोन नावाची रसायनं सोडतात, त्याने मैद्याला उग्र वास येतो. चाळून किडे काढले तरी वास जात नाही. बेकरीवाला म्हणतो मैदा खराब लागला, गिरणीवाला म्हणतो आमच्याकडून चांगला गेला, आणि दोघेही खरं बोलत असू शकतात. किडा वाटेतल्या टेम्पोत किंवा जुन्या पोत्यांच्या शिवणीत बसलेला असतो.

निर्यातदारासाठी सगळ्यात धाकाचं नाव खापरा भुंगेरा. हा भारतीय उपखंडातलाच. त्याची केसाळ अळी खायला नसेल तर भिंतीच्या फटीत, कंटेनरच्या फळीखाली निपचित पडून वर्षानुवर्षं काढू शकते. १९५३ मध्ये तो कॅलिफोर्नियात सापडला तेव्हा त्याला हटवायला अमेरिकेला मोठी मोहीम काढावी लागली. तेव्हापासून तिथे त्याच्या एका अळीवरूनही कंटेनर परत पाठवला जाऊ शकतो. म्हणून न्हावा शेवाहून माल निघण्याआधी धुरीचं प्रमाणपत्र लागतं. लाकडी पॅलेटवरही प्रक्रिया करून, बहुधा गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून, गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारावा लागतो. ही कटकट वाटते, पण धुरीची कटकट तरी आपल्याच गोदामातल्या किड्यांमुळे आहे.

गोदामात वापरली जाणारी धुरी म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम. थप्पी ताडपत्रीने नीट झाकून, कडा वाळूच्या पट्ट्यांनी दाबून वायू आत सात दिवस धरून ठेवायचा असतो. इथे व्यापारी सर्वांत जास्त चुकतात. गोळ्या दुप्पट टाकतात आणि ताडपत्री तिसऱ्या दिवशी उघडतात, कारण गाडी लागलेली असते. फॉस्फिनच्या बाबतीत जास्त मात्रेपेक्षा जास्त दिवस महत्त्वाचे, कारण अंडी आणि कोष यांना मारायला वेळ लागतो. अर्धवट धुरीतून जे जगतात, त्यांची पुढची पिढी औषधाला दाद देत नाही. अशी चिवट झालेली जात भारतातल्या गोदामांत सापडलेली आहे.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या गोळ्यांच्या विषाला उतारा नाही. कायद्याने त्या सरसकट कुणालाही विकायच्या नाहीत, आणि वापरायच्या तर प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली. तरीही खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या इमारतींत व्यापारी स्वतःच कोनाड्यात गोळ्या ठेवून शटर बंद करून जातात. वायू फटींतून वर चढतो आणि वर कुणी झोपलेलं असतं. वास येत नाही म्हणजे धोका नाही, असंही समजू नये. ज्या जागेला वरून किंवा बाजूने राहती घरं लागून आहेत, तिथे फॉस्फिनचं नावही काढू नये. एरवीही तो तांब्याला खातो, म्हणून धुरीच्या गोदामातला वजनकाटा आणि कॅमेऱ्याचा बॉक्स बंद पडला तर आश्चर्य नको.

वाळवी, ढेकूण, माशी: थोडक्यात

पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे जमतात आणि सकाळी खिडकीत पंखांचा सडा पडतो. तो सडा घराच्या आतल्या बाजूला असेल, तर वाळवीचं वारूळ जवळच आहे. कागदपत्रांच्या कपाटाची पाठ तपासा. इमारत बांधतानाच पायात औषध देण्याची पद्धत आहे, भारतीय मानक ६३१३ त्याबद्दलच आहे, आणि बांधून झाल्यावर भिंतींना छिद्रं पाडून औषध भरण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. लॉजवाल्यांनी ढेकणांकडे आळशीपणाचं लक्षण म्हणून पाहू नये. ते पाहुण्यांच्या सामानातून येतात आणि स्वच्छ खोलीतही राहतात. माश्यांसाठी लावलेली निळी ट्यूब दरवाजाच्या समोर लावली तर बाहेरच्या माश्या उलट आत येतात, आणि ट्यूब पेटत असली तरी वर्षभराने तिचा उपयोगी प्रकाश ओसरलेला असतो, तो डोळ्यांना कळत नाही.

कायदा काय मागतो

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. २०११ च्या परवाना नियमावलीतली चौथी अनुसूची स्वच्छतेबद्दल आहे, आणि ती वाचली तर आश्चर्य वाटेल इतकी साधी आहे. भोकं-नाल्या बंद करा, जाळ्या बसवा, अन्नमाल जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर ठेवा, कीटकनाशक कोणतं, कोणत्या तारखेला, किती वेळा वापरलं याची नोंद ठेवा. अस्वच्छ जागी अन्न तयार केल्याबद्दल कलम ५६ प्रमाणे एक लाखापर्यंत दंड होतो. किड्यांनी बाधित अन्न हे कायद्याच्या व्याख्येत असुरक्षित अन्नात मोडतं, आणि असुरक्षित अन्नासाठी तुरुंगाची तरतूद आहे. आपल्याकडच्या अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा, माणूस आला की मालक पहिल्यांदा पेस्ट कंट्रोलचं बिल पुढे करतो. बिलाने काम झाल्याचं कळतं, जागा स्वच्छ असल्याचं नाही. माल भिंतीला खेटून लावलेला असेल, तर मागे बघताच येत नाही, आणि निरीक्षक तिथेच बघतो.

कंत्राट देताना

व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. तो बघायला मागा, लाज वाटून घेऊ नका. सापळ्यांना आणि पेट्यांना नंबर द्यायला लावा, त्यांचा नकाशा भिंतीवर ठेवा, आणि दर फेरीला कुठल्या नंबरात काय सापडलं ते लिहून घ्या. मग वही खरंच बोलते. सात नंबरचा सापळा सलग तीन महिने भरतोय, तर सात नंबरजवळ भोक आहे. गवंडी बोलवा. अशा वेळी पंपवाला बोलावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली बदलत राहणं. वही महिन्यातून एकदा मालकाने स्वतः वाचावी, मॅनेजरवर टाकू नये.

एकाच रांगेत वीस गाळे असतील, तर एकट्याने केलेलं काम शेजाऱ्याला त्रास आणि स्वतःला दोन आठवडे आराम देतं. भिंती सामाईक, गटार सामाईक, कचऱ्याचा डबा सामाईक. व्यापारी संघाच्या बैठकीत पार्किंगवर तासभर भांडण होतं, त्यातली दहा मिनिटं चेंबरच्या जाळ्यांना द्यायला हरकत नाही.

आणि दर ठरवताना एकच बघा. कोटेशन देण्याआधी कंत्राटदार जागा बघायला आला का, आला तर बॅटरी घेऊन माळ्यावर चढला का, फ्रिज पुढे ओढायला सांगितला का. फोनवर चौरस फूट विचारून लगेच दर सांगणाऱ्याने तुमचं शटर पाहिलेलं नसतं.